मालकांचा स्वेटर

स्वारगेटजवळच्या आपल्या दुकानात गुलजारने चिप दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये बसवली आणि बटण दाबलं. आवाज नाही. तिसऱ्यांदा दाबलं, तरी नाही. समोर वारज्याच्या मुक्ताबाई कान देऊन बसल्या होत्या. त्यांच्या वारलेल्या मालकांची ‘मुक्ते’ ही हाक फक्त त्या चिपवर उरली होती.

जुना रेकॉर्डर ऑक्टोबरात मोडला. तसाच दुसरा मिळेपर्यंत चिप घरीच ठेवते, असा त्यांनी हट्ट धरला. गुलजारने ती खास पाकिटात घालून दिली आणि ‘जपून ठेवा’ एवढंच म्हणाला. ‘उघडू नका’ म्हणायला त्याची काय जीभ झिजली असती?

“पाकिटातून काढली होती का, मावशी?”

“रोज सकाळी! देवाजवळ ठेवलेली, मग पुसायला नको? त्यांच्याच लोकरीच्या स्वेटरनं पुसायची.”

गुलजारने डोळे मिटले. डिसेंबरची कोरडी हवा, लोकर आणि रोजचं घासणं. घासण्यातून निघणाऱ्या, बोटाला जाणवतही नाही एवढ्याशा विजेने असली उघडी चिप मरते. म्हणून तर तो स्वतः मनगटाला अर्थिंगची तार बांधून कामाला बसायचा.

“माझं काय चुकलं का, भाऊ?”

“नाही मावशी. चिपच जुनी होती.”

“आसू दे. बोलत नसले तरी ह्यातच हायेत.”

त्यांनी चिप स्वेटरने मायेने पुसली, त्यातच गुंडाळली आणि नायलॉनच्या पिशवीत सरकवली. लोकर चटचटली. मुक्ताबाई थबकल्या.

“ऐकलं का, भाऊ?”

“ऐकलं, मावशी,” गुलजार म्हणाला.