वेनजिंगच्या आजीचा वाडगा

मी चिनी मातीचा वाडगा बोलतोय. माझ्या काठाचा एक टवका उडालाय. ती कड ओठाला लागू नये म्हणून आजी मला फिरवून नातीच्या हातात द्यायची. वेनजिंग चीनहून दुबईला शिकायला निघाली, तेव्हा आजीने मला स्वेटरमध्ये गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं.

तिथल्या करामा वस्तीतल्या आशाताईंकडे ती पेइंग गेस्ट म्हणून राहिली. पहिले काही महिने फार जड गेले तिला. मनात इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत वर्गातला विषय पुढे गेलेला असे. कॅन्टीनमध्ये घरच्या सवयीने प्यायला गरम पाणी मागितलं की लोक विचारत, "ताप आहे का?" मग खोलीचं दार लावून ती माझ्यात नुसता भात खायची.

आशाताई टकटक करायच्या. "वेनजिंग, वरण आणलंय. नुसता भात घशाखाली उतरतो तरी कसा गं?"

हळूहळू दार उघडं राहू लागलं. "आन्टी, मोअर घी," ती म्हणायची. आशाताईंची लेक केया चिडवायची, "मम्मी, शी इज युअर फेवरेट नाऊ."

अशात आजी हृदयविकाराने दवाखान्यात असल्याचा निरोप आला. परीक्षा तोंडावर, जाता येईना. आशाताईंनी सोमवार धरले. वेनजिंग कॉलेजात असताना त्यांनी तिच्या टेबलावरचा आजीचा फोटो देवघरात ठेवला. प्रार्थना आजीसाठी, म्हणून वाडगाही आजीचाच घेतला. माझ्यात तांदूळ भरले आणि दोन उदबत्त्या रोवल्या, घरोघरी रोवतात तशाच.

वेनजिंग आली आणि दारातच थबकली.

"आन्टी, आजी जिवंत आहे," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे वाडग्यात अशा उदबत्त्या मेलेल्या माणसासमोर रोवतात."

आशाताईंनी जळत्या उदबत्त्या बोटांनीच विझवल्या.

गुरुवारी आजी गेली. वेनजिंगने खोलीचं दार पुन्हा लावून घेतलं. आठवड्याने होस्टेलवर राहायला गेली. फोटो नेला, मला नाही.

तेव्हापासून आशाताईंनी भात सोडलाय. ती या घरात पुन्हा जेवेल त्या दिवशी खाईन, असं देवाला सांगितलंय. केया समजावते, "मम्मी, इट वॉज हर हार्ट. नॉट यू." त्या मान हलवतात आणि पोळीचा तुकडा मोडतात. मला मात्र रोज धुऊन, पुसून पालथा घालतात.

वेनजिंग, उदबत्तीने कुणी जात नाही गं. चाळीस वर्षं मी तुझ्या आजीच्या हातांत होतो, मायेचा हात मला कळतो. रागावून का होईना, ये. हवं तर बोलू नकोस. मला सुलटा कर, माझ्यात जेव, आणि या बाईला दोन घास भात वाढ.