वल्ह्यावरची बाई

“पंधरा हॉर्सपॉवरचंच घ्या, आबा. घ्यायचं तर एकदाच दणदणीत!” विश्वजीत काउंटरवर बोट आपटत म्हणाला.

हडपसरला सोलापूर रस्त्यावर सर्जेरावांचं पंप आणि इंजिनांचं दुकान. होडीच्या मागे लावायची इंजिनं भिंतीशी ओळीनं टांगलेली होती आणि गेनबा हात मागे बांधून त्यांच्यासमोरून फेऱ्या मारत होता. त्याची बायको प्रेमला दाराशी स्टुलावर बसली होती, मांडीवर तळलेल्या चिलापी माशांचा डबा घेऊन. नातू शाळेतून आला की त्याला द्यायचा होता. पण तिचं चित्त डब्यात नव्हतं. तिला त्या इंजिनांची धास्ती वाटत होती.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्यांची जुनी लाकडी होडी. गेनबा पुढे उभा राहून जाळं टाकायचा आणि प्रेमला मागच्या बाजूला बसून वल्हवायची. त्यांच्यात मासेमारी अशी जोडीनंच चालते. अलीकडे मासा लांब गेला होता. वारा सुटला की प्रेमलाचे खांदे भरून यायचे. म्हणून मुलानं, विश्वजीतनं, इंजिनाचं मनावर घेतलं.

काल मांजरीच्या फ्लॅटमध्ये जेवताना सून तनुजा म्हणाली, “आई, आता मशीन येणार. तुम्ही इकडेच राहा ना. तिकडे तुमचं काय काम?”

पोर वाईट बोलली नव्हती. गावाला बोलावलं की तिला नेहमी शिफ्ट असायची, तेवढं सोडलं तर गुणाची होती. सासूसाठी तिनं बाल्कनीजवळ पलंगही टाकून ठेवला होता. प्रेमलानं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून भाकरी खात होता. हो नाही की नाही नाही. प्रेमलाला त्याचा भयंकर राग आला. अहो, बैल थकला तरी त्याला पोळ्याला पुरणपोळी देतात.

सर्जेरावांनी मोबाइलवर होडीचा फोटो मोठा करून पाहिला. “किती जुनी?”

“आमच्या विश्वापरीस थोरली हाय,” गेनबा म्हणाला.

“मग वडीलधाऱ्यांना वागवतात तसं वागवा की. पंधराचं वजन मागे टांगलंत, तर बूड पाण्यात आणि नाक आभाळात. एखाद्या दिवशी मागची फळी उचकटून इंजिन तळाला जाईल, ते वेगळंच.”

“पण काका, स्पीड?”

“उडायचंच असेल तर विमानतळ लोहगावला आहे,” सर्जेराव शांतपणे म्हणाले. “जुनी होडी तिच्या बेतानंच चालणार. जास्त ताकद लावली तर नुसतं पेट्रोल पिईल. मागच्या फळीला नवं लाकूड जोडून घ्या आणि पाच नाहीतर आठ न्या.”

“आठ तरी द्या मग,” विश्वजीत हिरमुसला.

“चालवणार कोण?”

“आबा.”

“मी?” गेनबा गर्रकन वळला. “मी इंजिन धरल्यावर जाळं कोन टाकील, तुझा बाप?”

विश्वजीतला हसावं की नाही कळेना.

“नाव ही चालवती,” गेनबानं दाराकडे हात केला. “पयल्यापास्नं हीच चालवती. हिला झेपंल ते द्या. अगं, ऊठ की! बसलीस काय पाव्हण्यावानी?”

प्रेमला डबा स्टुलावर ठेवून उठली. आठचं इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये सोडलेलंच होतं. तिनं दोरी ओढली. दोरी अर्ध्यातून परत गेली आणि तिच्या खांद्यात कळ आली. सर्जेरावांनी तिथं पाचचं लावलं. पहिल्या ओढीला ते नुसतं खोकलं. तिनं पदर खोचला, पाय रोवला, आणि दुसऱ्या ओढीला ड्रमातलं पाणी भसाभसा उसळायला लागलं.

“बंद करा बाई, माझं दुकान वाहून जाईल!” सर्जेराव ओरडले.

“ह्येच द्या,” गेनबा म्हणाला.

प्रेमलाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला भर दुकानात हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. ती नवऱ्याजवळ सरकली. “अवो, मग काल का बोलला न्हाईसा?”

“त्यात बोलायचं काय?” गेनबाला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

इंजिन रिक्षात चढवत असताना तनुजाचा फोन आला. विश्वजीतनं तो आईच्या कानाला लावला.

“आई, मग राहताय ना इकडे? पलंगावर नवी चादर घातलीय.”

“सुट्टी काडून यीन गं बाळा,” प्रेमला म्हणाली. “सध्या मला शिफ्ट हाय.”

फोन परत देऊन तिनं तळहात पदराला पुसला. दोरीच्या तेलाचा डाग निघाला नाही. तिनंही तो फारसा घासला नाही.