उजव्या हाताचं तळं

मला कुणाचा हेवा वाटत नाही असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. खोटं बोलतात मेल्या. मला वाटतो. चांगला पोटात दुखेपर्यंत वाटतो, आणि सगळ्यात जास्त वाटतो तो माझ्या धाकट्या जावेचा.

धाकटे दीर रंगाचं दुकान चालवतात. दरवर्षी दुकानाला कुलूप लावून ते बायकोला आगगाडीने कुठंतरी घेऊन जातात. एकदा बर्फातून जाणारी गाडी, एकदा समुद्राच्या कडेकडेने जाणारी, एकदा अशी की जेवणाच्या डब्याचं छतसुद्धा काचेचं. परत आली की धाकटी आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहते आणि मी भांडी विसळत असताना मोबाइल माझ्या नाकासमोर धरते. "ताई, हा पूल बघा ना. ताई, हा बोगदा बघा." बोगद्यात काय बघायचं, काळोख? पण मी म्हणते, "छान आहे हं," आणि पातेलं उगाच पुन्हा घासायला घेते.

आता गंमत ऐका. माझा नवरा आगगाडीचा ड्रायव्हर आहे.

ह्यांना नोकरीत दोघांचा पास मिळतो. दरवर्षी मिळतो आणि दरवर्षी वाया जातो. कारण सुट्टीच्या दिवशी हे गाडीत पाय ठेवत नाहीत. एकदा एका लग्नाला जाताना ठेवला होता. सगळा प्रवासभर खिडकीतून मान बाहेर काढून सिग्नल बघत होते आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबावा तसा पाय जमिनीवर दाबत होते. लग्नात लंगडत फिरले. तेव्हापासून बंद.

माझी हौस मोठी नव्हती हो. डोंगरात वर जाणारी एक गाडी आहे. शेवटच्या स्टेशनाआधी ती एका तळ्याला वळसा घालून जाते. धाकट्या जावेचं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हापासून मी ते तळं ह्यांच्याकडे मागत होते. हे म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे विसरा.

तर ह्या वेळी धाकटी नेमकी तिथंच जाऊन आली. मी तोंड हसरं ठेवून फोटो बघत होते. तळं, तळ्यात डोंगर उलटा, तळ्यासमोर धाकटी, दिरांच्या खांद्यावर डोकं. वर ती म्हणते कशी, "आणि ताई, गाडी कोणी चालवली सांगा! भाऊजींनी! वर स्टेशनात आम्हाला चहासुद्धा पाजला त्यांनी. तुम्हाला बोलले नाहीत?"

बोलले नव्हते. मी हसले. "विसरले असतील गं," म्हणाले. हातातली बशी मात्र फुटली.

संध्याकाळी हे आले. मी चहा विचारला नाही की पाणी विचारलं नाही.

"किती दिवस जाताय त्या तळ्यावर?"

"कुठल्या तळ्यावर?"

"वा! माझ्या तळ्यावर. धाकटीला चहा पाजलात तिथला!"

हे बूट काढता काढता थांबले. "अगं, ती लाइन दोन वर्षं माझ्याकडे आहे. आठवड्यातनं दोनदा जातो."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन वर्षं! मी इकडे मरमर मरतेय एका तळ्यासाठी, आणि हा माणूस आठवड्यातनं दोनदा त्याला प्रदक्षिणा घालून येतो आणि घरी आल्यावर विचारतो, भाजी काय केली! धाकटीचा हेवा परवडला. नवऱ्याचाच हेवा वाटायला लागला तर बाईने जायचं कुठं?

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू चिडली असतीस."

"आणि आता काय मी आरती ओवाळतेय?"

त्यांनी दुसरा बूट काढला. दोन दिवस घरात मुक्याचा कारभार. तिसऱ्या दिवशी त्यांनी पास आणि आरक्षणाचं तिकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "माझ्याच गाडीला आहे. खिडकी घेतलीय, उजव्या हाताची. तळं उजव्या हाताला येतं. महिनाअखेरीला ही लाइन दुसऱ्याकडे जाणार आहे, त्याआधी एकदा बघून घे."

म्हणजे मी डब्यात आणि हे इंजिनात. धाकटी दिरांच्या खांद्यावर डोकं ठेवून गेली आणि मी जाणार नवऱ्यापासून बारा डबे लांब. पण नाही म्हणाले नाही. इतकी वर्षं मागितलेली गोष्ट कुणी देत असेल तर ती कशी दिली हे बघत बसायचं नसतं, एवढं मला कळतं.

नवी साडी नेसले. उजव्या खिडकीत बसले. मधल्या जंक्शनला गाडी बराच वेळ थांबली, धक्के बसले, आणि निघाली ती उलट्या दिशेने. शेजारच्या बाई म्हणाल्या, "इथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात." मी म्हटलं, "मला माहितेय, आमचे हेच चालवताहेत." सांगताना मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

गाडी डोंगर चढायला लागली. माझ्या बाजूला कातळ. ओला, काळा, हात लावता येईल इतका जवळ. मी वाट बघत बसले. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला ओरडाआरडा झाला. "आई गं! काय दिसतंय!" माझ्या बाजूचेसुद्धा उठून तिकडे धावले, नुसत्या पाठीच पाठी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या ना, उठा!" मी म्हटलं, "तुम्ही जा. खरं तळं ह्या बाजूला आहे." ड्रायव्हरची बायको ना मी! हे पलीकडचं काहीतरी डबकं असणार, ह्या लोकांना काय कळतंय. मी कातळावरची नजर काढली नाही. कातळ संपला आणि स्टेशन आलं.

प्लॅटफॉर्मवर हे इंजिनाकडून जवळजवळ पळत आले. असं पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पाहिलंस?"

तोंडावर आलं होतं, अगदी जिभेवर. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "पाहिलं."

"कसं आहे गं?"

"कसं आहे म्हणजे? तुम्ही तर दोन वर्षं बघताय!"

"मी कुठं बघतोय? त्या वळणावर सिग्नल आहे, पुढे दरडीची जागा. नजर काढता येत नाही. उजव्या गालाला गार वारा लागला की समजायचं, पाणी आलं." मग हळूच म्हणाले, "धाकटीलाही विचारणार होतो कसं दिसतं म्हणून. लाज वाटली. म्हटलं, तू बघशील आणि सांगशील."

आता काय करायचं ह्या माणसाचं?

"अहो," मी म्हणाले, "नाही पाहिलं मी. कातळ पाहिला. सगळा रस्ताभर. तुमच्या उजव्या हाताने माझ्या तोंडाला पानं पुसली."

त्यांना समजेना. मी हाताचे पंजे समोर धरून गाडी उलटी फिरवून दाखवली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आयुष्यभर इंजिनात बसलेला माणूस. त्यांना फक्त पुढे असतं. डब्यातला माणूस जंक्शननंतर पाठमोरा होतो आणि त्याची उजवी खिडकी गाडीच्या डाव्या हाताला जाते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "तळं इथून पायी जवळ आहे. आत्ता जाऊ."

"आणि झोप?" परतीची गाडी त्यांनाच न्यायची होती. मधल्या वेळात ड्रायव्हरने झोपायचं, असा नियमच आहे.

"होईल थोडी कमी."

मी पदर खोचलासुद्धा. एवढ्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आपणहून 'चल' म्हणत होता. पण त्या डब्यातली माणसं मी येताना पाहिली होती. शेजारच्या बाई होत्या, त्यांच्या मांडीवर झोपलेली नात होती. परतीच्या गाडीतही अशीच माणसं ह्यांच्या भरवशावर झोपणार.

"झोपायचं," मी म्हणाले. "मुकाट्याने."

रनिंग रूम म्हणजे ड्रायव्हर लोकांची विश्रांतीची जागा. ते आत गेले, मी बाहेर बाकावर बसले. जाताना म्हणाले, "तू तरी जाऊन ये." तळ्याकडे जाणारी वाट समोरच होती. जोडपीच्या जोडपी चालली होती, आणि मी जळत होते, अगदी मनापासून. दोनदा उठले. पण जाऊन आले असते तर मी सांगणार आणि हे ऐकणार, म्हणजे मी धाकटी आणि हे मी. ऐकणाऱ्याचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दोन्ही वेळा खाली बसले.

तेवढ्यात धाकटीचाच फोन. "पाहिलंत का ताई? कसं वाटलं?"

"अजून नाही गं पाहिलं."

"अय्या! मग तिथं जाऊन करताय काय?"

"हळू बोल," मी म्हणाले. "हे झोपलेत."