तीस सेकंदांची शांतता

मित्रांनो, मी एक जुना गेटवे आहे. नाव ऐकून दबून जाऊ नका. दिसायला मी दोन जाड वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच, आणि इथे मला सगळे 'तो डबा' म्हणतात. एका शुश्रूषागृहाच्या जिन्याखालच्या कपाटात, विजेच्या मीटरशेजारी माझा मुक्काम आहे. माझं काम दुभाषाचं. बाहेरून येणारी टेलिफोनची जुनी तार एक भाषा बोलते आणि इमारतीतले इंटरनेटवर चालणारे फोन दुसरी. मी मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवतो. चुगली मात्र कधी केली नाही. जे फोनवर बोललं जातं ते मला ऐकू येतं, आणि उरलेलं जिन्यावरच्या गप्पांतून कळतं.

मला इथे बसवलं वायरवाल्या बाईंनी. दातांत पेन्सिल धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मलासुद्धा कळायचं नाही. पण हात असा सफाईदार, की एकही स्क्रू दोनदा फिरवावा लागला नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांची लाज घालवली.

त्याचं असं झालं. बाहेरच्या माणसाने फोन ठेवला, की टेलिफोन एक्सचेंज तारेवर 'टूं, टूं, टूं' असा आवाज काढतं. बोलणं संपलं, आता लाईन सोड, असा त्याचा अर्थ. पण प्रत्येक ठिकाणचं टूं-टूं वेगळं असतं, आणि कारखान्यात मला शिकवलेलं दुसऱ्याच कुठल्यातरी गावचं होतं. मी आपला इथलं टूं-टूं गाणं समजून ऐकत राहिलो. लाईन सोडलीच नाही. दिवसभर बाहेरच्या एकाही नातेवाइकाचा फोन लागेना. मॅनेजरसाहेब कपाटापाशी येऊन कडाडले, "अहो बाई, हे यंत्र आणलंय की कुलूप?"

बाईंना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी झटपट उपाय काढला. एक्सचेंजचं टूं-टूं मिनिटभराने थांबतं आणि मग तार गप्प होते. म्हणून त्यांनी माझ्यात एक सेटिंग घातलं: तीस सेकंद दोन्हीकडून आवाज आला नाही, तर फोन संपला असं समजायचं आणि लाईन सोडायची. लगेच सगळं सुरळीत झालं. मॅनेजरसाहेबांनी "वा!" म्हटलं, कुणीतरी मऊ फडक्याने माझी धूळ पुसली, आणि माझं नाक वर गेलं.

दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरकाका राहायला आले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. आजारपणात त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. त्यांची बायको, म्हणजे काकू, दूरच्या गावी शिवणकाम करायच्या. दुकान बंद ठेवून रोज येणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून दुपारी तीनच्या ठोक्याला त्या फोन करायच्या. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, शेजारच्या मांजरीचे पराक्रम, सगळं सांगायच्या. मग बोलणं सरायचं आणि त्या फोन कानाशी दाबून हाताने काजं करत बसायच्या. इकडे काका नुसते ऐकत. संसारात त्या दोघांनी असंच तर केलं असणार, एका खोलीत आपापल्या कामात गप्प.

आणि मी? मी मनात तीस मोजायचो आणि लाईन तोडायचो. रोज! वर स्वतःलाच शाबासकी द्यायचो.

काकांना वाटलं, आपण बोलत नाही म्हणून बायको वैतागून फोन ठेवते. ते खंगत चालले. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या ताईंसमोर तोंड उघडेनात. एके दिवशी तीनची घंटा वाजली तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिस्टरांनी फोन घेतला. "थांबा हं काकू, आणते त्यांना समजावून," असं म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि खोलीत गेल्या. परत येतात तो फोन बंद.

"मी तर ठेवलाच नव्हता!" त्या जिन्यावरून ओरडतच खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब मला भंगारात काढायला निघाले होते. वायरवाल्या बाई माझ्यापुढे मांडी घालून बसल्या. सेटिंग पाहिलं आणि दातांतली पेन्सिल काढली.

"डब्याला बोल लावू नका साहेब. चूक माझी आहे. घाई केली मी."

असं सगळ्यांसमोर म्हणायला छाती लागते. मग त्यांनी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. फोन लावायचा, तोडायचा, टूं-टूं मोबाईलवर टिपून घ्यायचं. आवाज किती लांब, मधली फट केवढी, सूर कोणता, हे मोजून माझ्यात भरायचं. अकरा वेळा मी चुकलो. बाराव्यांदा एक्सचेंजने टूं-टूं म्हटलं आणि मी ओळखलं! बाईंनी तीस सेकंदांचं सेटिंग कायमचं काढून टाकलं.

काकूंना सिस्टरांनी काही कळवलं नव्हतं. "आधी डब्याचा गुन्हा सिद्ध होऊ दे," म्हणाल्या. तीन वाजता घंटा वाजली. काकांना खुर्चीवरून जवळजवळ ओढतच आणलं होतं. काकू बोलल्या, आज जरा कमीच. मग गप्प झाल्या. तीस सेकंद गेले. साठ गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. चार मिनिटांनी काकूंचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो... आज तुम्ही फोन ठेवला नाहीत?"

काका चमकले.

"मला वाटायचं, माझ्या बडबडीला कंटाळता. म्हणून रोज ठेवून देता."

काकांच्या घशातून हुंदका फुटला. सिस्टरांनी रिसीव्हर धरला आणि रडत-हसत म्हणाल्या, "अहो काकू, ह्यांनी एकदाही ठेवला नाही. तो मेला डबा ठेवत होता!"

मित्रांनो, शिव्या खाऊनही मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मला न फेकता पुन्हा शिकवणाऱ्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही यंत्र लावताना घाई करू नका. आणि कुणी गप्प बसलं तर त्याचं बोलणं संपलं, असं माझ्यासारखं ठरवून टाकू नका.

त्या दुपारचा फोन बेचाळीस मिनिटं चालला. बोलणं त्यात सहाच मिनिटांचं होतं. उरलेली छत्तीस मिनिटंही मी इकडची तिकडे नीट पोचवली.