वस्त्रगाळ राख

घाण सापडलेल्या जागा एकंदर सात. चुलीमागचा राखेचा ढीग, कोंड्याचं पिंप, माळ्यावरची नारळाची सोडणं, दादांची एक वहाण, रांगोळीचा उघडा डबा आणि आमसुलांच्या सुपाचे दोन कोपरे. राखेत तर तीन वयांची निघाली: ताजी, वाळकी आणि पांढऱ्या बुरशीचे केस उगवलेली. विश्वंभरने उपरण्याचा बोळा नाकाशी धरून मोजणी पुरी केली. याच राखेने आपली ताटं रोज घासली जातात हे त्याच्या मग ध्यानात आलं.

मुंबईहून बी.एस्सी. होऊन तो किहीमला घरी आला होता. वैशाखात लग्न झालं. बायको सत्यवती मांडव्याची; तिची आई गेल्यावर ती जिच्याशी बोलायची ती मांजर, ठकी, टोपलीत घालून तिने बरोबर आणली होती. पाऊस लागेपर्यंत ठकी वाडीतल्या मातीत जाई. आता सगळी वाडी चिखल झाली आणि तिने घरातलं जे जे कोरडं आणि भुसभुशीत ते ते धरलं.

"गणपती यायच्या आत घरात एवढीशी घाण दिसता कामा नये," कृष्णाबाई आत्याने बजावलं. विश्वंभरच्या वडिलांची, दादांची, बालविधवा बहीण; घरातलं सोवळं आणि स्वयंपाकघर तिच्या हाती. "नाहीतर दादा रेवसला निघतील तेव्हा पोत्यात घालून देते. धक्क्यावर मासळी खाऊन जगेल."

रात्री सत्यवती म्हणाली, "अहो, तिला पोत्यात घालणार? तुम्ही एवढे शिकलात ना?"

सकाळी त्याने आत्याला सांगितलं, "मी तिला शिकवतो. संडासात जायला."

आत्या हसता हसता भिंतीला टेकली. "बी.एस्सी. होऊन मांजराला परसाकडे बसवणार! कर बाबा, चतुर्थीपर्यंत दिली मुदत. मला त्यातलं काही सांगू नकोस, दाखवू नकोस."

संडास मागल्या पडवीच्या टोकाला होता; दोन पायदगड, मध्ये भोक, खाली खोल खड्डा. विश्वंभरने पोफळीची गळलेली रुंद विरी, झावळीच्या बुडाचं चामड्यासारखं आवरण, आणली, तिचे काठ मुडपून ताट केलं आणि त्यात सत्यवतीच्या जुन्या लुगड्यातून गाळलेली राख पसरली. ठकीला ती मऊ राख फार आवडली. रोज विरी थोडी थोडी संडासाकडे सरकवायची. शेवटी ती संडासाच्या भोकावर ठेवायची, मध्ये छिद्र पाडायचं आणि ते वाढवत न्यायचं, असा बेत होता.

रोजचं काम त्याचंच. करवंटीने लेंड्या उचलायच्या. राखेत घोळलेल्या त्या बाहेरून लाडवांसारख्या दिसत आणि करवंटीवर टेकताच फुटत. आतला हिरवट लगदा बोटांवर येई. जिथे मुताने राख थापली जाई ते ढेकूळ तो मुद्दाम ठेवी, कारण त्या वासाने ठकीला जागा ओळखू येई. तो वास डोळ्यांत चुरचुरे. जेवताना हाताला येई. धुतल्यावरही येई.

विरी पडवीच्या मध्यावर, भांडी घासायच्या दगडापाशी पोचली, त्या दिवशी त्याला अलिबागला जावं लागलं. संध्याकाळी परत आला तर आत्या कधी नव्हे ती सुनेचं कौतुक करत होती.

"बघ रे, देवाची उपकरणी! सूनबाईने न सांगता वस्त्रगाळ राख काढून ठेवली होती. जरा दमट होती, हवाच तशी. ढेकळं हाताने कुस्करली, चिंच लावली. आरशासारखं पितळ निघालं."

समई, ताम्हन, पळी, पंचपात्री लखलखत होती. दाराआड सत्यवती पांढरीफटक उभी होती. विश्वंभरला कारणही कळलं: मांजराच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि पितळेवरचा हिरवा थर त्यात विरघळतो. आत्याची बोटं त्याने पाहिली. याच बोटांनी तिने संध्याकाळचं पीठ मळलं होतं.

सांगावं तर ठकी उद्याच पोत्यात. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी पूजा झाली. आत्या पळीत तीर्थ घेऊन पुढे आली. "हात कर."

त्याने हात पुढे केला. पळीची कड तळव्याजवळ आली आणि त्याने हात मागे घेतला.

"आत्या, घेऊ नकोस ते. कुणाला देऊ नकोस. ती राख ठकीची होती."

आत्याने पळी खाली ठेवली. मग स्वतःची बोटं नाकाशी नेली आणि मोरीकडे धावली. तिच्या ओकाऱ्या ओटीपर्यंत ऐकू येत होत्या. तीन वेळा नाहून ती बाहेर आली.

"चतुर्थीपर्यंतचा शब्द दिला आहे," ती म्हणाली, "म्हणून थांबते. दादांना यातलं अक्षर कळता कामा नये."

विश्वंभरने उपकरणी उकळली. विरी भोकावर गेली, छिद्र वाढत गेलं. चतुर्थीच्या आदल्या सकाळी आत्या तांब्या घेऊन संडासाशी आली आणि दाराशीच खिळली. आत दोन्ही दगडांवर पाय फाकून, शेपूट ताठ करून ठकी बसली होती. आत्याला ती उठेपर्यंत ताटकळावं लागलं.

"शी! आता ही माझ्या आधी जाणार," आत्या नाकाला पदर लावून म्हणाली. "आणि पाणी? पाणी घ्यायला शिकवलंस का हिला?"

"नाही."

"मग माझ्या पाटाला, पानाला शिवायची नाही. सूनबाई, पोतं माळ्यावर टाक."

सत्यवतीने पोतं उचललं आणि ती तिथेच रडू लागली.

गौरी-गणपतीचे दिवस संपले तेव्हा विश्वंभरने हिशेब केला. ठकी संडासात अकरा वेळा बसली. नऊ वेळा भोकात, दोन वेळा डाव्या पायदगडावर.