मशीन लावलंय ना?

धायरीच्या सीतारामकाकांचं श्वासाचं मशीन आठवड्यातून दोनतीनदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं, आणि ते का, हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मशीन आमच्याच कंपनीचं. बंद पडायचं ते चारपाच सेकंदच, पण ज्याची फुप्फुसं कामातून गेलीत त्याला चार सेकंद म्हणजे काय, ते काकाच जाणोत. स्वारगेट डेपोतले निवृत्त मेकॅनिक. मशीन कधी बंद पडलं त्याच्या वेळा तारीखवार वहीत लिहून ठेवत. आमच्या सर्व्हिसवाल्यांना तेवढंही जमत नाही.

मशीन ऑफिसात आणावं, तर इथे ते शहाण्यासारखं चालायचं. म्हणून ठरलं, की ते धायरीतच राहू द्यायचं, काकांना तेवढ्यापुरतं दुसरं मशीन द्यायचं, आणि मी कर्वेनगरच्या ऑफिसातून इंटरनेटवरून जुन्या मशीनच्या प्रोसेसरशी जोडून घ्यायचं. एकदा जोडलं की आतला प्रोग्रॅम जिथल्या तिथे थांबतो आणि नेमकं काय बिघडलंय ते बघता येतं. सकाळी नऊलाच दुसरं मशीन त्यांच्याकडे पोचलं.

अकरा वाजता मी काकांच्या बायकोला, कांताकाकूंना, फोन केला.

"काकू, मशीन लावलंय ना?"

"लावलंय की, मॅडम."

जुनं मशीन प्लगला लावलंय ना, एवढंच मला विचारायचं होतं. मग मी फर्मान काढलं, की आता तासभर त्याला कुणीही हात लावायचा नाही, बंद पडलेलं दिसलं तरी नाही. बरं, म्हणाल्या.

पहिल्यांदा पलीकडून काही उत्तरच येईना. त्यांच्या वायफायने मशीनला नवा पत्ता दिला होता. तो शोधला, तर मशीनने कनेक्शन नाकारलं, कारण बाहेरून जोडून चुका शोधू देणारा डीबगिंगचा प्रोग्रॅम सुरूच नव्हता. तो सुरू केला. मग जोडलं जायचं आणि तीन सेकंदांत तुटायचं. जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. डोकं फिरायची वेळ आली. त्यात आमचा मॅनेजर श्रीनिवास दर दहा मिनिटांनी मागे येऊन "झालं का?" विचारत होता, जणू मी गच्चीत पापड वाळत घातलेत.

शेवटी ट्यूब पेटली. वॉचडॉग! प्रोग्रॅम अडकला की मशीन आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय असते, तिलाच आम्ही वॉचडॉग म्हणतो. तीच माझं कनेक्शन तोडत होती. मी ती बंद करून टाकली.

आणि कनेक्शन टिकलं. मी चक्क टाळी वाजवली. प्रोग्रॅम स्क्रीनवर गुपचूप उभा होता आणि मी त्याची एकेक ओळ तपासत होते. कांताकाकूंचा फोन आला, मग पुन्हा आला. मी घेतला नाही. आत्ता कुठे लिंक लागली होती.

तिसऱ्यांदा घेतला, तोही वैतागून. काकू अगदी हळू बोलत होत्या. यांचे ओठ काळे पडलेत, म्हणाल्या. हलवलं तर हलत नाहीत.

पण काका नव्या मशीनवर आहेत ना, मी विचारलं.

नव्याचा मास्क गालाला काचत होता, म्हणून सकाळीच तो काढून यांना जुनंच लावलं, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्याच होत्या, लावलंय. मशीन प्लगला लावतात तसं माणसालाही लावतात, आणि मी मेलीने एका शब्दाने जास्त विचारलं नाही. अलार्मही वाजला नव्हता. हवा सोडणारा आणि अलार्म वाजवणारा प्रोग्रॅम एकच, आणि तो मीच थांबवला होता.

मास्क काढा, आधी तो मास्क काढा, मी ओरडले.

"मघाशी ते स्वतःच ओढून काढायला बघत होते, मॅडम," काकू म्हणाल्या. "तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात, म्हणून मी त्यांचे हात धरून ठेवले."