गाव उजळणारी पेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. माझ्या अंगावर छोटेसे गाव वसले आहे. त्यात घरे, शेत आणि तागाची गिरणी आहे. प्रत्येकापाशी एक दिवा आणि वीज कमीजास्त करणारी खुंटी आहे. मधला काटा वीज बनवायला शिल्लक असलेला कोळसा दाखवतो. हँडल फिरवले की ऋतू सरकतात आणि जितकी वीज वापरली तितका काटा उतरतो. तो कोळसा वर्षभर पुरवायचा, हाच माझा खेळ.

मित्रांनो, १९७४ साली कलकत्त्यात वरचेवर वीज जायची. "बाबा, तुम्ही वीजकेंद्रात इंजिनियर, मग आपल्याच घरात अंधार का?" असे दिगंबररावांना त्यांच्या मुलीने, शकुनने विचारले. उत्तर म्हणून त्यांनी मला घडवले आणि मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांसाठी ठेवले.

मुलांची झुंबड उडे. पण जो तो आपली खुंटी पूर्ण फिरवी आणि पावसाळा संपायच्या आत गाव काळोखात बुडे. हळूहळू मुले कंटाळली.

"ही पेटी नुसता अंधार दाखवते, दिगंबरराव," मंडळाचे चिटणीस श्यामराव म्हणाले. "माळ्यावर टाकू या."

मला फार वाईट वाटले. अंधारासाठी का मी जन्मले होते?

"काका, आज एकदा खेळू द्या," शकुन म्हणाली. तिने शेत घेतले, तिच्या मैत्रिणीने, लीनाने घरे आणि मित्र चारुदत्तने गिरणी.

"चारू, उन्हाळ्यात मला पंपाला वीज लागेल. तू गिरणी निम्मी चालव."

"आणि माझं नुकसान?"

"पावसाळ्यात मी पंप बंद ठेवते. तेव्हा तू चालव."

चारुदत्तने थोडा विचार केला आणि खुंटी मागे घेतली. पावसाळा आला तेव्हा शकुनने शब्द पाळला. लीनाने आपणहून दिवे मंद केले. हिवाळा सरला. काटा तळाशी थरथरत होता, पण तिन्ही दिवे जळत होते.

श्यामरावांनी खुर्ची पुढे ओढली. "मला गिरणी द्या," ते म्हणाले.

त्यानंतर मी कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या शाळांपर्यंत फिरले. मधली काही वर्षे कपाटात गंजलेही. परवा शकुनने मला बाहेर काढून तेल दिले. माझे हँडल पुन्हा हलके फिरते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तारा तुटल्या तर जोडा. आणि खेळायला एकटे येऊ नका. माझे गाव एकट्याच्या हाताने कधीच उजळले नाही.